पहिल्या दिवसाची तारीख



९ मार्च २०२०, होळी पौर्णिमा. दुबईची सहल करून आठवड्यापूर्वी परतलेल्या एका दांपत्याचे अहवाल त्या दिवशी आले आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या कोरोना रुग्णांची नोंद पुण्यात झाली. महापालिकेच्या डॉ. नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या तपासणीसाठी पुणेकरांनी ज्याच्यासमोर रांगा लावल्या होत्या, तेच हे रुग्णालय. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, दोघंही बरे होऊन घरी गेले.

त्या वेळी या आजारावर खास असं एकही औषध नव्हतं. तरी हे दोघं बरे झाले आणि त्यांच्यामागून आलेले बहुतेक रुग्णही बरे झाले. मग ज्यांचा आजार बळावला, त्यांच्या बाबतीत काय वेगळं घडलं? वय, मधुमेह, रक्तदाब ही कारणं होतीच. पण आणखी एक कारण आपल्या हातातलं होतं, आणि ते म्हणजे पहिले काही दिवस दुखणं अंगावर काढणं.

विषाणू शरीरात शिरल्यापासून दोन ते चौदा दिवसांत, बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास, लक्षणं दिसू लागत. ताप, कोरडा खोकला, घशात खवखव, डोकेदुखी, अंग मोडून येणं. काहींना जुलाब होत. पहिल्या दोन लाटांत अनेकांना वासच येईनासा झाला. स्वयंपाकघरात लसणीची फोडणी पडली तरी बाहेरच्या खोलीतल्या माणसाला त्याचा पत्ता नसे आणि चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागे. पुढे ओमायक्रॉन आला तेव्हा वास जाण्याचं प्रमाण घटलं आणि घसादुखी, वाहतं नाक ही लक्षणं पुढे आली. वृद्धांमध्ये मात्र कधी कधी ताप येतच नाही. आजोबा जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, दिवसभर झोपून राहतात, एवढीच खूण दिसते.

अनेकांना तर एकही लक्षण जाणवलं नाही. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये येरवडा, कसबा पेठ, लोहियानगर-कासेवाडी यांसह पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं गेलं. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. यातल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला कोरोना होऊन गेला हे माहीतही नव्हतं.

म्हणून चाचणीचा अहवाल आला की आधी घाबरणं सोडायचं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक खूण करायची: लक्षण दिसलं तो दिवस पहिला. अहवाल आला तो दिवस नव्हे. ही तारीख महत्त्वाची का, तर पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्यानंतर काही रुग्णांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती खवळते, फुफ्फुसांना सूज येते. ताप उतरला म्हणून घरातले निश्चिंत होतात आणि नेमकी पाचव्या ते दहाव्या दिवसात धाप लागायला सुरुवात होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कितवा दिवस?’ हाच असे, तो याच कारणासाठी.

दुसरा प्रश्न असे, ‘लेव्हल किती?’ लेव्हल म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी. या आजारात ती गुपचूप घसरू शकते. रुग्ण फोनवर नीट बोलत असतो, दमही फारसा लागलेला नसतो, आणि आकडा मात्र ८५ दाखवतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन दारोदारी गेले ते हेच शोधायला.

हा आकडा नीट कसा पाहायचा? बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. हात गार असतील तर चोळून ऊब आणायची. पाच मिनिटं शांत बसून मधलं बोट यंत्रात घालायचं, हात छातीशी धरायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत, निदान मिनिटभर, थांबायचं. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा पाहायचं. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. बसल्या जागी आधीच धाप लागत असेल तर चालण्याची ही चाचणी करू नये, थेट रुग्णालयात जावं. मिनिटाला २४ हून जास्त श्वास, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी किंवा तीन दिवस उलटूनही १०० च्या वर राहिलेला ताप, ही लक्षणंही तितकीच गंभीर. रुग्णवाहिका येईपर्यंत मान, पोट आणि नडग्यांखाली उशा घेऊन पालथं झोपलं तर फुफ्फुसांचा मागचा भाग मोकळा होतो आणि पातळी काहीशी सुधारते. गरोदर स्त्रियांनी मात्र पालथं झोपू नये.

सौम्य आजाराला काय लागतं? विश्रांती, भरपूर पाणी, पेज, वरण-भात आणि तापासाठी पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत.

काय घेऊ नये, हे पुण्याने एप्रिल २०२१ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिलं. रेमडेसिविरसाठी नातेवाईक औषध दुकानांपुढे उन्हात तासन्‌तास उभे राहिले. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत, रुग्णालयातल्या मृत्यूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असं ऑक्टोबर २०२० मध्येच दिसलं होतं. स्टेरॉइडची गोष्ट आणखी नाजूक. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामिथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, परंतु ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना कोणताही फायदा झाला नाही. तरीही शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू करणारे होते. त्याने साखर भडकते, आणि भडकलेली साखर व स्टेरॉइड यांच्या जोडीनेच म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट मिळाली. प्रतिजैविकं तर विषाणूवर चालतच नाहीत.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. लस आणि होऊन गेलेला संसर्ग यांमुळे आज बहुतेकांना हा आजार सर्दी-तापासारखा जातो. पण विषाणू गेलेला नाही, आणि घरातल्या सत्तरीच्या आजी, डायलिसिसवरचे काका, केमोथेरपी घेणारी बहीण यांना धोका अजूनही आहे. त्यांच्यासाठी उद्या सकाळी एक काम करा. कपाटात पडून असलेला ऑक्सिमीटर काढा, सेल बदला, स्वतःच्या बोटावर लावून चालतो का ते पाहा. आणि घरात कुणाला ताप आला, तर पहिल्या दिवसाची तारीख आठवणीने लिहून ठेवा. दवाखान्यात डॉक्टर तीच आधी विचारतील.