आधी भीती सांगा, मग गाणे म्हणा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. बँकेची सवय आहे, वेळेत आटोपतो. आज मी चक्क एका इंग्रजी डिस्को गाण्याबद्दल बोलणार आहे. हसा, हरकत नाही!

अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनर १९७८ साली स्टेजवर पडल्या. मणक्याचे ऑपरेशन झाले. पाठीला आधाराचा पट्टा बांधूनच त्यांनी ‘आय विल सर्व्हाइव्ह’, म्हणजे ‘मी तगून राहीन’, हे गाणे रेकॉर्ड केले. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले होते. डिस्कोतल्या मंडळींनी तबकडी उलटून वाजवली आणि १९७९ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८० साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

नातीने ते मला ऐकवले, अर्थही सांगितला. जोडीदार सोडून गेलेल्या बाईचे ते गाणे आहे. ती धीराच्या गोष्टींनी सुरुवात करत नाही. आधी सांगते की मी घाबरले होते. तेवढा भाग संथ, बोलल्यासारखा आहे. ठेका नंतर सुरू होतो.

आपण उलटे करतो. लिफ्टमध्ये कोणी विचारले, “काय काका, बरे आहे ना?” की उत्तर ठरलेले, “एकदम मजेत!” आपल्याकडे एकटे राहणारे ज्येष्ठ बरेच आहेत. मुले बंगलोरला, परदेशात. रात्री छातीत चमक आली तर शेजारची बेल वाजवावी की नाही, या विचारातच पहाट होते. आमची ही गेल्यापासून मीही त्यांच्यातलाच एक. दिवस निघतो; रात्री दोनला फ्रिजचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. माइकवर सांगतोय, कारण कोणीतरी सुरुवात करायला हवी.

गाणे म्हणजे औषध नव्हे. फारच घाबरे होत असेल तर डॉक्टरांकडे जावेच. पण माझी एक सूचना आहे. गुरुवारच्या कट्ट्यावर गाण्यांआधी पाच मिनिटे ठेवू. ज्याला जी धास्ती वाटते, ती त्याने सांगावी. उपदेश कोणी करायचा नाही. मग खुशाल गाऊ, भजन असो की नाट्यगीत.

आणि हो, माझी बेल रात्री कितीही वाजता वाजवा. मी बहुधा जागाच असतो!