शिरूरची दोन उत्तरं

आज थोडं गणिताविषयी बोलू या. घाबरू नका, रेडिओवर फळा नसतो, त्यामुळे समीकरणं मांडायची सोयच नाही.

संगणकशास्त्राच्या मुलांना 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' नावाचा विषय असतो. सुट्या सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या गोष्टींचं हे गणित. त्यात फंक्शन शिकवताना डोमेन आणि रेंज हे शब्द येतात. 'रेंज' म्हटलं की कुणीतरी खिशातला मोबाइल दाखवतंच! व्याख्या सगळे घडाघडा म्हणतात, पण वापरायची वेळ आली की गाडी अडते.

माझ्या एका विद्यार्थ्यानं निवडणुकीआधी छोटा प्रोग्रॅम लिहिला. तालुका टाकायचा, विधानसभा मतदारसंघ मिळवायचा. दौंड टाकलं, दौंड आलं. शिरूर टाकलं, शिरूर आलं. स्वारी खूश. मी विचारलं, "तुझं आजोळ कुठलं रे?" म्हणाला, "पाबळ." म्हटलं, "मग आजीला विचारून ये, ती मत कुठल्या मतदारसंघात देते." दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आला. गाव शिरूर तालुक्यात, पण आजीचं मत आंबेगावात!

मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेत शिरूर तालुक्यातली काही गावं आंबेगावला जोडली गेली. दौंड तालुका मात्र एकाच मतदारसंघात आहे. फंक्शनमध्ये आत घातलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर हवं, आणि ते एकच हवं. शिरूर तालुक्याला दोन उत्तरं आली, म्हणजे ते फंक्शनच नव्हे. पोरगा नियमात ठिगळं लावायला निघाला होता. मी म्हटलं, नियमाला हात लावू नकोस, आत काय घालतोस ते बदल. तालुक्याऐवजी गाव घे. आत काय काय घालता येतं, त्या सगळ्याचा संच म्हणजे डोमेन, मराठीत प्रांत. गावांची यादी टाइप करायला त्याला चार दिवस लागले. पण आजी आपल्या मतदारसंघात परत आली.

आता रेंज. पुणे जिल्ह्यात विधानसभेचे 21 मतदारसंघ. प्रत्येकाला त्याचा लोकसभा मतदारसंघ जोडा. शिरूरला शिरूर मिळतो. भीमेपलीकडच्या दौंडला मिळतो बारामती. राज्यात लोकसभेच्या जागा 48, उत्तर त्यांतलंच असणार. हा झाला सहप्रांत. प्रत्यक्षात मात्र चारच नावं येतात: पुणे, बारामती, शिरूर, मावळ. ही चार म्हणजे रेंज. परीक्षेत मुलं 48 लिहून मोकळी होतात आणि गुण घालवतात. आता जिल्ह्याऐवजी राज्यातले सगळे 288 मतदारसंघ घ्या. नियम तोच, पण 48 च्या 48 नावं हजर! डोमेन वाढलं, तशी रेंजही वाढली.

एवढं जमल्यावर गड्याला हुरूप आला. गावाचं नाव टाकलं की त्या गावातलं रेल्वे स्थानकही दिसावं, असं त्यानं ठरवलं. दौंड तर मोठं जंक्शन, लगेच उत्तर आलं. शिरूर टाकलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. शिरूरला रेल्वेच नाही! मघाशी दोन उत्तरं होती, आता एकही नाही. मी म्हटलं, दोन वाटा आहेत: शिरूर डोमेनमधून काढ, नाहीतर दुसरं काहीतरी शोध. आपला तालुका काढायला तो तयार होईना. शेवटी उत्तरांच्या यादीतच त्यानं एक नवी ओळ घातली, 'स्थानक नाही'. तेही उत्तरच की!