'पॉश' म्हणजे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शब्दावर मी बोलणार हे ऐकून काही जणींना हसू आले असेल. पण हा शब्द आता केवळ इंग्रजांचा कुठे राहिला? जागा पाहताना, लग्न ठरविताना आपण तो सर्रास वापरतो. 'वस्ती पॉश आहे', 'मुलाकडची माणसे पॉश आहेत'. आपल्याकडे का शब्द कमी आहेत? टापटीप सारवलेल्या अंगणालाही असते, थाट पंगतीचा असतो, ऐट माणसाची असते आणि भपका तर कर्ज काढूनही करता येतो. 'पॉश' मध्ये ह्या सर्वांचा थोडा थोडा अंश आहे. शिवाय त्याला पाहणारा लागतो. बंद दाराआड कोणी पॉश नसते!

हा शब्द आला कोठून? ह्याची एक हकिकत फार लोक सांगतात आणि ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. पूर्वी विलायतेहून मुंबईस पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी येत. तांबड्या समुद्रात उन्हाचा कहर असे. इकडे येताना बोटीची डावी बाजू, म्हणजे 'पोर्ट', सावलीत राही. परत जाताना उजवी, म्हणजे 'स्टारबोर्ड'. श्रीमंत उतारू म्हणे जास्त पैसे भरून जाताना डावी आणि येताना उजवी खोली घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ह्या चार शब्दांची पहिली अक्षरे तिकिटावर छापलेली असत आणि त्यांचाच 'पॉश' झाला.

ही गोष्ट आपल्या भुसावळकरांना सहज पटावी अशी आहे. बोटीतून उतरलेले साहेब आणि त्यांची टपाले घेऊन बॅलार्ड पिअरहून निघणारी पंजाब मेल १९१२ पासून आपल्याच स्टेशनावरून पेशावरकडे जात असे. आरंभी तिच्या तीन डब्यांत अवघ्या ९६ उतारूंची सोय होती. गरिबाचा तिसरा वर्ग तिला पुढे पुष्कळ वर्षांनी, १९३० नंतर, जोडला गेला. आज तीच गाडी फिरोजपूरला जाते आणि तिच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

परंतु मैत्रिणींनो, गोष्ट गोड असली तरी खरी नव्हे. माझ्या मुलीने इंग्रजी कोश उघडून मला समजावून दिले. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर कोणास मिळालेले नाही. ही हकिकत छापून येऊ लागली ती १९३५ च्या सुमारास. शब्द त्याहून जुना आहे. विलायतेच्या 'पंच' साप्ताहिकात १९१८ साली एक व्यंगचित्र आले होते. त्यात मुलगा 'पॉश' म्हणतो आणि त्याची आई विचारते, ह्याचा अर्थ काय रे? म्हणजे तिकडच्या आयांनाही मुलांची भाषा कळत नव्हती, हे वाचून मला बरे वाटले.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लंडनच्या बाजारी बोलीत 'पॉश' म्हणजे किरकोळ नाणे, पैसा. आणि नटव्या माणसालाही तेच नाव. नाण्याचा हा शब्द जिप्सी लोकांच्या भाषेतला. त्यांच्यात 'पाश' म्हणजे अर्धा. त्यावरून अर्ध्या पेनीचे नाणे. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेले. ते अजून पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान' म्हणतात. त्यांचा 'पाश' पंडित संस्कृत 'पार्श्व' शी, म्हणजे बाजूशी, जोडतात. त्याच 'पार्श्वा' तून आपला 'पाशी' आला. 'आईपाशी', 'चुलीपाशी' म्हणतो तो. नाण्याच्या 'पॉश' वरूनच आजचा 'पॉश' झाला, असे कोशकार ठामपणे सांगत नाहीत. पण बोटीच्या गोष्टीपेक्षा हा माग अधिक जवळचा आहे.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. गेल्या संक्रांतीला आपले हळदीकुंकू हॉलमध्ये झाले. वर्गणी तीनशे रुपये, एका रंगाच्या साड्या, वाणाला काचेची भांडी. फोटो सुरेख आले. पण पहिल्या वर्षापासून येणाऱ्या चौघी त्या दिवशी आल्या नाहीत. एकीला मी बाजारात विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, तुमचं मंडळ आता पॉश झालं. आम्ही काय यावं?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते फार लागले. वांग्याच्या भरिताला कपाशीच्या काड्या गोळा करण्यापासून कार्यक्रमानंतर सतरंज्या झटकण्यापर्यंत ह्याच चौघी सर्वांच्या पुढे असत.

नटू नये असे मी म्हणत नाही. सणाला चांगले नेसावे, दारात रांगोळी काढावी. त्यात आनंद आहे. पण जिच्यापाशी तीनशे रुपये नाहीत, तिला दाराबाहेर ठेवणारा थाट मंडळाला शोभत नाही. म्हणून माझी सूचना अशी: येत्या संक्रांतीला वर्गणी तीस रुपये ठेवावी, वाण दहा रुपयांच्या आतले असावे, साडीला रंगाचे बंधन नसावे आणि कार्यक्रम पूर्वीप्रमाणे देवळाच्या ओट्यावर करावा. त्या चौघींना बोलावणे करण्यास मी स्वतः जाईन. माझ्याबरोबर कोण येणार, त्यांनी आजच नाव सांगावे.