गिधाडे आणि प्रतीत्यसमुत्पाद
(संस्थेच्या पडेगाव येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



नामशेष होत चाललेले प्राणी म्हटले की आपल्याला वाघ आठवतो. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत, त्याचे नाव आपल्याकडे शिवी म्हणून वापरले जाते. तो पक्षी म्हणजे गिधाड.

आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावाबाहेर जनावर मेले की आकाशात घिरट्या सुरू होत. मोठा थवा उतरला की थोड्या वेळात हाडे तेवढी उरत. दुर्गंधी नाही, रोगराई नाही. आजच्या विद्यार्थ्यांनी मात्र गिधाड बहुधा पुस्तकातल्या चित्रातच पाहिले आहे.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी शिकार केली नाही, जंगल तोडले नाही. मग झाले काय? २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले. दुखण्यावर गाई-बैलांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक! हे औषध घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एका मढ्यावर अनेक गिधाडे जेवतात, म्हणून शंभरात एकाहूनही कमी मढी दूषित असली तरी एवढा संहार होऊ शकतो, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. झालेली हानी लवकर भरून येत नाही.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कोणतीही गोष्ट एकटी उभी नसते, ती कारणांवर टेकलेली असते. गिधाडे गेली, मढी कुजू लागली, मोकाट कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका वाढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. पक्ष्याचे मरण माणसाच्या दारात आले ते असे.

बंधू-भगिनींनो, या विषयाशी आपले नाते आणखी जवळचे आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने आपल्या पूर्वजांवर लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडून द्या, असे बजावले आणि समाजाने ते सोडले. गिधाड मात्र हेच काम जात न विचारता, मजुरी न मागता करीत होते. आता ते नाही म्हणून ही घाण पुन्हा त्याच माणसांच्या हातांनी उचलली जाता कामा नये. मृत जनावरांची विल्हेवाट ही नगरपालिका, महानगरपालिकेची जबाबदारी आहे. ती यंत्रांनी, सुरक्षित साधनांनी आणि सन्मानाने झाली पाहिजे. पर्यावरणाचा प्रश्न आणि माणुसकीचा प्रश्न इथे एकच होतो.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरच्या केल्या गेल्या. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन व अ‍ॅसेक्लोफेनॅक या औषधांवरही बंदी आली. गिधाडांना न मारणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. ज्यांचे नातेवाईक गावाकडे गुरे पाळतात, त्यांनी हे एक नाव घरी सांगावे. डॉक्टरांना विचारावे की, "साहेब, हे इंजेक्शन गिधाडांना चालते का?"

सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादी कोरली आणि जंगले विनाकारण जाळू नका, असेही बजावले. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. ज्याने बैलाला सुई टोचली त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी लाखो जीव गेले. म्हणून आजच्या काळात नुसती करुणा पुरत नाही, तिला प्रज्ञेची जोड लागते. आपल्या कृतीचा परिणाम कुठवर जातो हे जाणून घेणे, हेही शीलपालनच आहे.

विद्यार्थ्यांनो, ते जाणून घेण्यासाठीच शिका, एवढे सांगून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!