आधी वजन बघा, मग गुण

मी बडोद्याची. घरात मराठी, शाळेत गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी अशी आमची तिहेरी गंमत. गेली बरीच वर्षं मी संख्याशास्त्र शिकवते. आज मात्र मी एका चुकलेल्या हिशेबाबद्दल बोलणार आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या मुख्य विषयाला वर्षभराच्या कामाचे 40 गुण होते आणि शेवटच्या परीक्षेचे 60. त्या 40 मध्ये चाचणी, असाइनमेंट आणि सेमिनार. तिन्हींत मला 90 टक्के मिळाले. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती टिकवायला त्या विषयात 65 टक्के हवे होते. मी मनातल्या मनात हिशेब केला : तीनदा नव्वद आणि शेवटच्या परीक्षेत अगदी चाळीस पडले तरी बेरीज 310, भागिले चार, साडेसत्याहत्तर! बाबांना सांगून टाकलं, "काळजी करू नका, पंचाहत्तरच्या वर आहे."

परीक्षेत खरंच चाळीसच टक्के पडले. आणि निकाल लागला तो 60 टक्के.

कसा? नव्वद टक्के होते ते 40 गुणांपैकी, म्हणजे 36. चाळीस टक्के होते ते 60 गुणांपैकी, म्हणजे 24. छत्तीस अधिक चोवीस, साठ. शिष्यवृत्ती गेली. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, मार्कांची तालीम करायची तर वजनाप्रमाणे करायची ना." बाबांचं किराणा दुकान होतं. वजनाशिवाय हिशेब त्यांना ठाऊकच नव्हता.

त्यांचंच उदाहरण घेते. तुम्ही 5 किलो कांदे घेतले, 30 रुपये किलोने. आणि पाव किलो लसूण घेतला, 200 रुपये किलोने. किलोमागे सरासरी किती पडलं? तीस अधिक दोनशे भागिले दोन, एकशे पंधरा, असं कुणी म्हणेल का? कांद्याचे झाले 150, लसणाचे 50. सव्वापाच किलोचे 200 रुपये, म्हणजे किलोला साधारण 38 रुपये. पिशवीत कांदाच जास्त आहे, म्हणून सरासरी कांद्याकडे झुकते. यालाच भारित सरासरी म्हणतात. कॉलेजात त्या भाराला आपण वेटेज म्हणतो.

आता वही काढा. विषयाचा हिशेब तीन पायऱ्यांत होतो. पहिली, प्रत्येक घटकात किती टक्के मिळाले ते काढा. दुसरी, त्याला त्या घटकाच्या वेटेजने गुणा आणि शंभराने भागा. तिसरी, सगळ्यांची बेरीज करा. वेटेजची बेरीज शंभर झाली पाहिजे, नाहीतर एखादा घटक राहून गेलाय.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. "मॅडम, मी हा विषय सोडते." चाचणीत 25 पैकी 9 पडले होते. पुढच्या अभ्यासक्रमासाठी तिला 55 टक्के हवे होते. ती म्हणाली, "छत्तीस टक्क्यांवरून पंचावन्न कसे होणार?" मी म्हटलं, बस, आधी मांडून बघू.

चाचणीचं वेटेज होतं 20. छत्तीस टक्के गुणिले वीस, भागिले शंभर, 7.2. असाइनमेंटला 20 पैकी 16, म्हणजे 80 टक्के, वेटेज 10, आले 8. सेमिनारला 10 पैकी 7, वेटेज 10, आले 7. एकूण 22.2. शेवटच्या परीक्षेचं वेटेज 60, ती अजून व्हायची होती.

आता उलटं जाऊ. पंचावन्न हवेत, बावीस पूर्णांक दोन हातात आहेत. राहिले 32.8. हे 60 पैकी मिळवायचे. 32.8 भागिले 60, म्हणजे 54.67 टक्के. थोडक्यात, शंभराच्या पेपरात 55 गुण. ती कागदाकडे बघतच राहिली. "एवढेच?" असं म्हणाली. तिला 58 पडले. साठ वेटेजप्रमाणे त्याचे 34.8, आधीचे 22.2, बरोबर 57. तिनं विषय सोडला नाही.

बघा, त्या कागदानं तिला हुशार केलं नाही. भीती होती ती एका आकड्यात बसवली, आणि आकड्यासाठी अभ्यास करता येतो. माझं उलटं झालं होतं. चुकीच्या हिशेबानं मला खोटा दिलासा दिला आणि मी अभ्यास सोडला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. अनेक विद्यापीठांत शेवटच्या परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं. एकूण बेरीज पुरेशी असूनही त्या एका अटीपायी नापास होता येतं. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सिलॅबसमधलं मूल्यमापनाचं पान वाचा आणि नियम तुमच्या कॉलेजातूनच विचारून घ्या.

आता एक मजला वर चढू. विषयांचं वजन क्रेडिटमध्ये असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक सत्रभर झालं की एक क्रेडिट, असं धरलं आहे. ग्रेड दहापर्यंतच्या गुणांकात. ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ म्हणजे शून्य.

समजा, गणित 4 क्रेडिट, गुणांक 7. भौतिकशास्त्र 4 क्रेडिट, गुणांक 6. संगणक 4 क्रेडिट, गुणांक 8. भाषा 2 क्रेडिट, गुणांक 9. पर्यावरण 2 क्रेडिट, गुणांक 10. नुसती सरासरी येते 8. पण क्रेडिटने गुणलं तर 28, 24, 32, 18 आणि 20. बेरीज 122, क्रेडिट 16. सत्राचा एसजीपीए 7.63. छोट्या विषयांतले नऊ-दहा मोठ्या विषयांतले सहा-सात झाकू शकत नाहीत.

सगळ्या सत्रांचा सीजीपीएही असाच. पहिल्या सत्रात 16 क्रेडिटला 8 आणि दुसऱ्यात 24 क्रेडिटला 7 असेल, तर उत्तर साडेसात नाही. 128 अधिक 168, भागिले 40, म्हणजे 7.4. नोकरीच्या अर्जात साडेसातची अट असेल, तर हा एका दशांशाचा फरक दार उघडतो किंवा बंद करतो.

आणि सीजीपीएचे टक्के करताना साडेनऊने गुणू नका. ती पद्धत सीबीएसईच्या दहावीची होती. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परीक्षा विभागात मिळेल. तेच वापरा.

शेवटी एकच सांगते. आज रात्री प्रत्येक विषयासाठी एक ओळ लिहा : हातात किती आहेत, हवेत किती, आणि उरलेल्या वजनात किती टक्के पाहिजेत. जिथे सर्वांत जास्त वजन शिल्लक आहे, तिथे उद्याची सकाळ द्या. असाइनमेंटच्या मुखपृष्ठावर रंगीत पेनं झिजवू नका, मी झिजवली होती.

बाबा आज नाहीत. त्यांचा तराजू माझ्या टेबलावर आहे. विद्यार्थी विचारतात, मॅडम, हा इथे कशाला? मी म्हणते, बसा, आधी कांदे-लसणाचा हिशेब करू.