संस्काराचा आरंभ : गर्भस्थ मेंदू आणि मिश्री
(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



संस्कार म्हटला की आपल्या दृष्टीपुढे नामकरण, दीक्षा, विवाह इत्यादी विधी उभे राहतात. परंतु न्यायशास्त्रात या शब्दाला आणखी एक सूक्ष्म अर्थ आहे. अनुभव सरून जातो, त्याची खूण मात्र चित्तात राहते आणि त्या खुणेतूनच पुढे स्मृती उपजते. त्या खुणेचे नाव संस्कार. कारण नाहीसे झाले तरी परिणाम उरतो, हे त्यातील मर्म होय. अर्वाचीन शरीरशास्त्राने हेच मर्म मेंदूच्या बाबतीत प्रत्ययास आणून दिले आहे.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे बोलतात. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतूंचा निरोप अशा द्रव्याने पोचतो हे दाखविले. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. या शोधाबद्दल त्यांना व हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रौढ मेंदूत हे द्रव्य निरोप्याचे काम करते. गर्भात मात्र त्याच्याकडे गवंड्याचे काम असते. पेशींनी कोठवर वाढावे, केव्हा थांबावे, कोणत्या पेशीने कोणाशी जोडले जावे, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. इमारत उभी राहिल्यावर भिंत रंगविता येते. पण पाया घालताना ओळंबा चुकला, तर तो दोष पुढे सहजी निघत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बोरगावच्या परिसराला निपाणीची तंबाखूची बाजारपेठ परकी नाही. या पिकाने अनेक घरे चालविली, मुलांची शिक्षणे केली. याच तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजून केलेली मिश्री कित्येक घरांत कोनाड्यात असते. सकाळी ती दातांना लागल्यावाचून चूल पेटत नाही. डोहाळे लागलेली सूनबाईदेखील मळमळ थांबावी म्हणून ती लावते, आणि सासूबाईही प्रेमानेच ती पुढे करतात.

मिश्रीतील निकोटिन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्तात उतरते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत जाते. तेथे ते ॲसिटिलकोलिनचे सोंग घेते. त्याच कुलपांना ते लागते. पण वेळ त्याची नसते, प्रमाणही त्याचे नसते. गवंड्याच्या आवाजात भलताच कोणी आज्ञा देऊ लागावा, तसे होते.

मुंबईत १२१७ स्त्रियांची पाहणी करून प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमणी यांनी २००४ साली दाखविले की, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरते आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही त्यांच्यात अधिक होतात. परंतु वजन ठीक आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही. थिओडोर स्लॉटकिन यांच्या उंदरांवरील प्रयोगांत, वाढ खुंटविण्याइतके निकोटिन दिलेले नसतानाही पिलांच्या मेंदूतील पेशींत फरक आढळला. गर्भावस्थेतील निकोटिनचे मेंदूच्या वाढीवर चिरकाल टिकणारे अनिष्ट परिणाम होतात, असा स्पष्ट निर्णय अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१४ च्या अहवालाने दिला. लक्ष एकाग्र न होणे, आवेग न आवरणे हे दोष अशा मुलांत अधिक दिसल्याचे अनेक पाहण्यांत नमूद आहे. मात्र त्यांत घरची गरिबी, आहार यांचाही हात असतो. म्हणून एखादे मूल चंचल दिसताच त्याच्या आईस दोष देणे हा अन्याय होय.

शिवाय दोष एकट्या मातेचा कसा? वखारीत तंबाखू चाळणारी ती, ओल्या पानांत हात घालणारी ती. ओल्या पानांतील निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते. घरातील पुरुषांनी त्या दिवसांत तिला हे काम लावू नये, आणि वडीलधाऱ्या स्त्रियांनी मिश्रीची डबी तिच्यापुढून दूर करावी. सवय सुटताना डोके दुखेल, जीव कासावीस होईल. त्या वेळी तिला बोल नव्हे, आधार हवा.

आपल्या वैद्यकाने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिच्या मुखी जे जाते ते दोघांना पोचते, ही जाण त्या एका शब्दात आहे. मुलाला पाठशाळेत आणण्यापूर्वी, त्याच्या कानात मंत्र पडण्यापूर्वी, त्याच्यावर पहिला संस्कार होऊन गेलेला असतो. तो निर्मळ व्हावा, याची काळजी साऱ्या घराने वाहावी. या उत्सवातून प्रत्येक भक्ताने घरी एवढा एक नेम न्यावा, हीच प्रार्थना.