डबी वाचा, मिक्सर बघा
(पॅकिंग प्रशिक्षणात केलेलं भाषण)



आज लेबलावर बोलायचंय. सुरुवात करते ‘कोशर’ या शब्दापासून. ज्यू लोकांच्या धर्मनियमाप्रमाणे जे खायला चालतं ते कोशर. आपल्या रायगडाला हे परकं नाही. बेने इस्राएली इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या नियमात मटण आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून रश्श्याला नारळाचं दूध. मासा पर आणि खवले असलेलाच. कोळंबी, चिंबोरी नाही.

आता मला सांगा, आपली लसूण चटणी कोशर आहे का? लसूण, खोबरं, मिरची, मीठ. तुम्ही म्हणाल, आहेच की! पण काल त्याच मिक्सरमध्ये सोड्याची चटणी वाटली असेल तर? पाकिटावरची यादी खरी, तरी माल चालणार नाही. कोशरवाले भांडंसुद्धा बघतात. पालेभाजीत, धान्यात किडा आहे का तेही बघतात.

आपल्या हिरव्या ठिपक्याने हे काम भागत नाही. दूध-तूप घातलेल्या लाडवालाही हिरवा ठिपका चालतो. त्यांच्याकडे मात्र दुधाचं वेगळं, मांसाचं वेगळं आणि दोन्ही नसलेलं ‘पारेव्ह’ वेगळं. त्यामुळे हिरवा ठिपका बघून कोशर छापू नका. ते प्रमाणपत्र संस्था देते, तिचा माणूस येऊन कच्चा माल आणि यंत्रं तपासतो. नुसतं इंग्रजी ‘के’ अक्षर पाकिटावर आहे म्हणून कुणी तपासलंय असंही धरू नका.

माझ्याच गटाची गोष्ट सांगते. नाव काय लपवायचं, चूक माझीच. स्वस्त पडतात म्हणून एकदम पाच हजार लेबलं छापून घेतली. पुढे नेहमीचा हिंग मिळेना, दुसरा आणला. त्याच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलं होतं. बांधणीच्या हिंगात असं पीठ असतंच बऱ्याचदा. आम्ही पापड लाटले, तीच जुनी लेबलं चिकटवली. एका गिऱ्हाइकाच्या मुलाला गहू चालत नाही. तिने आमचं लेबल वाचूनच घेतले होते. पोर दोन दिवस पोटदुखीने तळमळलं. ती भांडली नाही हो, फोनवर एवढंच म्हणाली, “ताई, मी वाचलं होतं.”

उरलेली तीन हजारांवर लेबलं चुलीत घातली. पैशाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गंमत बघा, हाच हिंग कोशरवाल्यांनाही अडतो. वल्हांडण सणाच्या दिवसांत गव्हाचं फुगलेलं पीठ घरात नको असतं, तेव्हा बांधणीचा हिंग बाजूला. धर्म असो की आजार, विचारणारी बाई एकच विचारते: यात काय आहे, आणि कशात वाटलंय?

आमच्या गटात आता कच्चा माल बदलला की तारीख घालून वहीत लिहितो आणि ती नोंद बघितल्याशिवाय लेबल चिकटवत नाही. सोड्यांसाठी मिक्सरचं भांडं वेगळं घेतलं, त्याला लाल दोरा बांधलाय. लेबलं पाचशेच छापतो, थोडी महाग पडली तरी.

तुम्ही घरून मसाल्याच्या डब्या आणल्यात ना? काढा बाहेर. आधी हिंगाची. चष्मा नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या.